एका चुलीची वर्गणी

रंगनाथ डॉक्टराच्या दवाखान्याच्या पायऱ्या कृपा चढली, दाराशी उभी राहिली, पदराची गाठ सोडून पाहिली, पुन्हा बांधली आणि तशीच उतरून माळीवाड्याच्या अंगाला चालायला लागली. एवढंच झालं. रस्त्यावरच्या कुणाला त्यात काही दिसलंही नसेल. पण समोर, ख्रिस्ती मंडळीच्या दवाखान्याच्या बाकावर गुडघा धरून बसलेल्या गोजरबाईला ते सगळं दिसलं. कृपा तिची सून. सून म्हणजे अजून सूनच, चूल वेगळी झाली म्हणून नातं काही वेगळं होत नाही. पण महिन्याभरात दोघींनी एकमेकींशी तोंड उघडलेलं नव्हतं, आणि एका घरात राहून न बोलणं हे काम किती कष्टाचं असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. कृपाचं चालणं तिला आज वेगळं वाटलं. पोटाशी पोर आहे, सातवा सरून आठवा लागलाय, तेव्हा बाई जड चालणारच. पण हे ते नव्हतं. टाचा चपलेच्या बाहेर होत्या. चप्पल आत जात नव्हती म्हणून नुसती बोटांवर अडकवलेली, आणि पाऊल उचललं की ती फटक फटक रस्त्यावर आपटत होती. एरवी ही पोरगी चालायची कशी, तर शाळेतली घंटा झाल्यासारखी. संगमनेरची, फायनल परीक्षा पास झालेली, मुलींच्या शाळेत मास्तरीण. आता बिनपगारी रजेवर. आणि तोंड? तोंड रात्रभर भिजलेल्या डाळीसारखं.

“गोजरबाई, ती तुमची सून न्हवं का हो?” शेजारी बसलेल्या हन्नानं विचारलं. हन्नाला सगळं ठाऊक असायचं आणि तरी विचारायची सवय होती.

“माझी कशाची? ज्याची चूल त्याची सून.”

“तोंड लई भरलंय तिचं. बाळाच्या आधी आईनंच बाळसं धरलं म्हणायचं!”

हन्ना हसली. गोजरबाई हसली नाही. “तुज्या बोटाला काय झालंय?”

“परवा विळी लागली. भरत आलंय आता. पण म्हटलं दाखवून यावं. वर्गणी तर भरलेलीच हाय.”

वर्गणी भरलेलीच हाय. हे वाक्य गोजरबाईचंच. ती ते इतक्या वेळा म्हणाली होती की आळीतल्या बायकांनी ते तिच्याकडून उचलून नेलं होतं, विरजण न्यावं तसं. आधी असं नव्हतं. आधी दानीएल डॉक्टर बाटलीमागं पैसे घ्यायचा. आळीचाच पोरगा, मिरजेला डॉक्टरी शिकून आलेला, स्वभावानं गरीब. पण बाटली म्हटली की पैसे पडणार, म्हणून माणसं आधी ओवा खायची, मग काढा प्यायची, मग कपाळाला चुना लावायची, आणि हे सगळं करून माणूस आडवा झाला की खाटेवर घालून दानीएलकडे न्यायची. मग तो डोक्याला हात लावायचा. शेवटी त्यानंच मंडळीच्या सभेत ही कल्पना मांडली. सुगीनंतर दर चुलीमागं वर्षाची एक वर्गणी. ज्या चुलीवर जितकी माणसं जेवतात तितक्यांना वर्षभर औषध. पुन्हा काही द्यायचं नाही. मंडळी त्याला ठोक रक्कम देणार. चूल धरायची ती अशासाठी, की माणसं मोजायला गेलं तर कुणी म्हातारी लपवील, कुणी पोर. पण धूर कुणाला लपवता येत नाही. एका छपरातून दोन धूर निघाले की दोन वर्गण्या. गोजरबाईला हे फार पटलं. फुकट नाही, भरलेलं. भरलेल्या ताटातलं कुणी टाकतं का? मग गुडघा दुखला की दवाखाना, डोळा फडफडला की दवाखाना, आणि काहीच दुखेना तेव्हा दुखेल म्हणून दवाखाना. तिथं बाकावर बसायला बरं वाटायचं. नळावर भांडायला लागतं, प्रार्थनेला गप्प बसायला लागतं. दवाखान्यात नुसतं कण्हत कण्हत बोलता येत होतं. सगळ्या आळीला ते आवडलं. बाक पुरेना, पायरी पुरेना, बायका रस्त्यावर गोणपाट टाकून बसायला लागल्या. आणि दानीएल? तो आता वर बघायचाच नाही. “काय होतंय” म्हणायचा, उत्तर संपायच्या आत गुलाबी औषधाची मोठी बाटली उचलायचा, लहान बाटलीत ओतायचा, मापाची कागदी पट्टी चिकटवायचा आणि “पुढचं” म्हणायचा. डोकं दुखलं तरी गुलाबी, पोट दुखलं तरी गुलाबी. ती बाटली घेऊन गोजरबाई घरी यायची आणि कोनाड्यात आधीच्या बाटल्यांशेजारी ठेवायची. प्यायची कधी कधी.

त्यावरूनच तर सगळं झालं. नळावर, चार बायकांच्या देखत, कृपा म्हणाली होती, “आत्याबाई, वर्गणी भरली म्हणून रोज काहीतरी दुखायलाच पाहिजे का?” हसत म्हणाली होती. हसत म्हणाली हेच वाईट. रागानं म्हणाली असती तर रागानं उत्तर देता आलं असतं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गोजरबाईच्या हातातली कळशी भरून वाहायला लागली तरी तिला कळलं नाही. मग ती म्हणाली, “एवढं खुपतंय तर माज्या वर्गणीवर जगू नगस. तुजी चूल तू घाल.” म्हणाली आणि वाट बघितली. कृपा रडेल, निदान गप्प बसेल, संध्याकाळी मुकाट्यानं पीठ मळायला येईल. कृपा संध्याकाळी सीना नदीवरून पाटीभर माती घेऊन आली. पडवीत बसून तिनं चूल घातली. आयुष्यात पहिल्यांदा घातलेली, एका अंगाला कललेली, पोरांनी खेळताना करावी तसली. दुसऱ्या दिवशी छपरातून दोन धूर निघाले आणि ते सगळ्या आळीनं बघितलं. योहान, गोजरबाईचा मुलगा, देवळालीला, लष्कराच्या कारखान्यात. लढाई चालू, रजा नाही. त्याला पत्रातून दोघींनी काय काय कळवलं असेल ते त्याचं त्याला माहीत. त्याचं उत्तर आलं, “दोघी नीट राहा.” कारभारी गेल्यापासून, म्हणजे गोजरबाईचा नवरा, सुतारकाम करता करता रंध्यावरच मान टाकून गेला तेव्हापासून, या घरात पुरुषाचं असंच चाललंय. लांबून नीट राहा म्हणायचं.

“पुढचं,” आतून दानीएल म्हणाला. गोजरबाईची पाळी होती. ती उठली आणि आत न जाता रस्त्यावर उतरली. हन्ना मागून ओरडली, “अवो, नंबर जाईल तुमचा!” जाऊ दे म्हणावं. तिला स्वतःचाच राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. रंगनाथावर काढता आला असता. तो सुईवाला. सुईमागं पैसे, म्हणून त्याच्या दारात गेलेला माणूस सुई टोचून घेतल्याबिगर बाहेर येत नाही. सर्दी झाली तरी सुई, आणि बरं झालं तरी पुन्हा होऊ नये म्हणून सुई. एका बाजूला हा, ज्याला तुमचा दंड सोडवत नाही. दुसऱ्या बाजूला दानीएल, ज्याला तुमचं तोंड बघवत नाही. आणि मधल्या रस्त्यावरून ही पोरगी फटक फटक चालत गेली, कुणाचीच नसल्यासारखी. ऊन रस्त्यावरून उलटं वर येत होतं. कापड बाजाराकडून येणाऱ्या टांग्याच्या घोड्याच्या तोंडाला फेस होता. गोजरबाईला वाटलं आपल्या तोंडालाही असावा.

प्रभुदास मास्तर प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर बसून कंदिलाच्या काचा पुसत होता. वर्गणी गोळा करण्याचं काम त्याच्याकडे. माणूस सरळ, पण इतका सरळ की त्याला टेकता येत नाही.

“मास्तर, एक चूल वर्गणीत घ्यायची हाय.”

“कुणाची?”

“घ्यायची हाय म्हटलं ना. चूल हाय, धूर निगतो, आजून काय पायजे?”

मास्तरानं काचेवर हाः केलं, पुसलं, उजेडात धरलं. “जानेवारीत या.”

“तवर ते पोर हसाया लागंल, मास्तर! आज दाखवायचीय तिला. पैसे देते की मी. कुठून द्यायचे ते माजं मी बघंन.”

“पैशाचा प्रश्न नाही, गोजरबाई. वर्ष सुरू झाल्यावर नवी चूल घ्यायची नाही असा ठराव आहे. दुखणं आल्यावर वर्गणी भरायची ठरली तर धडधाकट माणूस भरेल कशाला? सगळेच दुखण्याची वाट बघतील. मग दानीएलला द्यायचं कुठून?”

“कोन शहाण्यानं केला ह्यो ठराव?”

मास्तरानं पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यात हसू होतं का काय, ते काचेमुळं कळलं नाही. “मच्छिंद्राची आठवण आहे का?”

होती. चांगली होती. जामखेडकडून आलेला मच्छिंद्र, नवाच मंडळीत आलेला. बायकोला विषमज्वर झाल्यावर धावत वर्गणी भरली, बाटल्यांवर बाटल्या नेल्या, बायको उठली, आणि पुढच्या वर्षी वर्गणीच्या वेळी त्याला कुणी ओळखत नव्हतं. त्या सभेत गोजरबाई उभी राहिली होती. बाया सभेत उभ्या राहत नाहीत, ती राहिली. “ताप आल्यावर देव आठवतो तसा ह्यांना डॉक्टर आठवतो! वर्षाच्या पहिल्या दिवशी भर, न्हाईतर वर्षभर कण्हत बस!” सगळी सभा हसली, ओट्यावरचे पंचसुद्धा. मच्छिंद्र खाली मान घालून बसला होता, त्याची बायको शेजारी, डोक्यावरचे केस ज्वरानं गेलेले, पदर घट्ट ओढून. ठराव झाला. आठवडाभर लोक गोजरबाईचं ते वाक्य एकमेकांना सांगत होते आणि ती चालताना अंमळ ताठ चालत होती. बरोबरच होतं ते. आजही बरोबरच वाटत होतं. तेच तर आतून कुरतडत होतं. नियम चुकीचा असता तर मास्तराच्या हातातली काच हिसकावून फोडता आली असती.

“एक वाट आहे,” मास्तर म्हणाला. “कृपा परत तुमच्या चुलीवर जेवायला लागली तर ती नवी नाही, जुनीच. पण खरंखुरं हं. मला दोन धूर दिसले तर मी दानीएलला सांगणार.”

“सांगा. तुमाला त्याबिगर येतं काय?” असं म्हणून ती निघाली.

घरापर्यंतची वाट कधी नव्हे ती लांब झाली. कृपाला बोलवायचं? काय म्हणून? ये बाई, तू म्हणालीस ते खरं होतं, मला रोज काही दुखत नव्हतं? सासूनं सुनेच्या पडवीत जाऊन उभं राहायचं? तिची सासू तिच्या पुढ्यात कधी उभी राहिली असती का? ती विचार असा चालवत होती, भांडणाचा, हिशेबानं, शब्दाला शब्द. आणि त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, ज्याच्याकडे ती सकाळपासून बघत नव्हती. छबू. तिची थोरली बहीण छबू, पारनेरला, खळ्याचे दिवस. छबूला दिवस गेलेले, तोंड असंच भरलेलं, आणि सगळे खूश. सुईण म्हणाली, पोर अंगाला लागलंय. आई म्हणाली, दृष्ट लागंल, बाहेर बसू नगस. गोजर तेव्हा परकर नेसत होती. छबू बाजेवर पाय सोडून बसायची आणि गोजर तिच्या नडगीवर अंगठा दाबायची. खड्डा पडायचा, ओल्या मातीत पडावा तसा, आणि तसाच राहायचा. मग त्याच्या शेजारी आणखी एक. दोघी हसायच्या. गोजर एका ओळीत खड्डे पाडायची आणि पहिला भरतो का शेवटचा ते बघत बसायची. छबू म्हणायची, माज्या पायावर सारीपाट मांडलास की गं. मग एका दुपारी खळ्यावर भाकरी घेऊन गेलेली माणसं पळत घरी आली, छबूचे डोळे फिरले होते, दातखीळ बसली होती, हातपाय आपटत होती, आणि कुणीतरी कांदा आणा, वहाण आणा असं ओरडत होतं. पुढचं गोजरबाईला आठवत नाही. अंगठा मात्र आठवतो. चालता चालता तिनं उजवा अंगठा मुठीत दाबून धरला.

पडवीत कृपा चुलीपुढं बसून फुंकत होती. दिवे लागायची वेळ. ओल्या लाकडाचा धूर डोळ्यात जात होता आणि ती डोळे पुसायला हात उचलत होती तेव्हा बांगडी मनगटात रुतलेली दिसत होती. गोजरबाई उंबऱ्यापाशी उभी राहिली. खाकरली.

“रंगनाथाकडं कशाला गेल्तीस?”

कृपानं मान वर केली. महिन्याभरानंतरचं पहिलं बोलणं हे असं. “गेले नाही. परत आले.”

“का?”

“मागच्या खेपेला म्हणाले, आठवड्याला दोन सुया घ्या. कशाच्या म्हटलं, तर ताकदीच्या. ताकद आल्यावर चप्पल पायात का जात नाही, एवढं विचारायला गेले होते. मग दारात वाटलं, विचारल्याचेही पैसे पडतील.”

गोजरबाईला हसू येत होतं. तिनं ते गिळलं. “डोकं दुखतं?”

“दुखतं.”

“डोळ्यापुढं?”

“काजवे येतात कधी कधी. चुलीमुळं असेल.”

“चुलीमुळं न्हवं.” तिनं पदर खोचला. “माज्या चुलीवर ये. दानीएल बघंल तुला.”

“औषधासाठी येऊ?”

“मग कशासाठी? माज्यासाठी ये म्हनू का?”

कृपानं चुलीत लाकूड सारलं. तिचं तोंड त्या उजेडात आणखी मोठं दिसत होतं, ओळखीचं आणि अनोळखी. “आत्याबाई, मी नळावर बोलले ते चारचौघांत बोलायला नको होतं. पण बोलले ते खोटं नव्हतं. आता गरज पडली म्हणून परत तुमच्या चुलीशी यायचं, म्हणजे तुम्ही उद्या नळावर सांगणार, आली बघा. नाही येणार मी.”

“जीव जाईल तुजा!”

“ते दानीएल डॉक्टर ठरवतील. किंवा कुणीच नाही.”

काय बोलायचं या पोरीला? संगमनेरच्या पाण्यातच काहीतरी असणार. गोजरबाई तरातरा आत गेली. तिच्या चुलीवर तवा तापला होता, परातीत जोंधळ्याचं पीठ मळून ठेवलेलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. हीच चूल कारभाऱ्यानं बांधून दिली होती, वैलाचं तोंड मोजून, तिच्या हाताच्या उंचीला. तिला आठवलं, कृपा नवी आली तेव्हा या चुलीशी कशी अंग चोरून बसायची आणि आपल्याला ते किती बरं वाटायचं. तवा तिनं उतरवला. चुलीतली लाकडं एकेक करून ओढली आणि तांब्यातलं पाणी त्यांच्यावर ओतलं. चुर्र झालं, वाफ उठली, सगळी खोली ओल्या राखेच्या वासानं भरली आणि ती वाफेत उभी राहून कुणाला तरी शिव्या देत होती. मास्तराला, दानीएलला, देवळालीच्या कारखान्याला. मग परात उचलली, ताटली उचलली, पडवीत आली आणि गुडघा धरून कृपाच्या वाकड्या चुलीपुढं बसली.

“मास्तराला एकच धूर पायजे. मंग तुजा निगू दे. हे पीठ घे. वाढ मला.”

कृपा बघतच राहिली.

“बघतीस काय? उद्या नळावर काय सांगायचं ते तू सांग. म्हन, म्हातारी आली.”

कृपानं भाकरी थापायला हात पिठात घातला तेव्हा बोटं जाड झालेली, पाण्यात राहिल्यासारखी, आणि भाकरी एका अंगाला करपली, कारण चूलच तिकडं कललेली. कालवणात मीठ नव्हतं म्हटलं तरी चालेल. गोजरबाईच्या जिभेवर सगळं आलं होतं, चूल कशी घालतात, विस्तव कसा सारतात, तुझ्या आईनं काय शिकवलं. आणि तिनं एकेका घासाबरोबर एकेक शब्द खाल्ला. इतकं अवघड जेवण ती कधी जेवली नव्हती.

सकाळी दवाखान्यापुढं रस्त्यापर्यंत बायका. गोजरबाई कृपाला धरून आली आणि बाकापुढं उभी राहिली. “उठा गं. हिला आधी जाऊ द्या.” कुणी हललं नाही. हन्ना बोट घेऊन बसली होती. एकीच्या पोराला उचकी लागली होती. एकीला काही झालं नव्हतं, ती हन्नाबरोबर आली होती. “अगं, ज्याला खरंच दुखतंय त्यानं बसा की, बाकीच्यांनी घरी जाऊन भाकऱ्या थापा!”

“व्हय का?” हन्ना म्हणाली. “आन मंग रोज ह्या कोपऱ्यात कोन बसतंय?”

बायका हसल्या. गोजरबाईला वाटलं एकेकीचा अंबाडा धरून उठवावं. पण धरणार कुणाला? प्रत्येकीच्या चुलीची वर्गणी भरलेली होती. प्रत्येकीचा हक्क होता, आणि तो हक्क त्या गुडघ्यावर हात ठेवून, बोट वर धरून, उचकी लागलेलं पोर मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि त्या सगळ्या हक्कांच्या शेवटी, रस्त्यावर, गोणपाटावर कृपा बसली, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. ऊन सरकत तिच्या पायांवर आलं. बाक हळूहळू पुढं जात होता, गुलाबी बाटल्या बाहेर येत होत्या. गोजरबाई बसली नाही. तिला वाटत होतं आपण बसलो तर हे आणखी हळू होईल.

“काय होतंय?” दानीएल म्हणाला. मान खाली. कृपा सांगायला लागली, डोकं, काजवे. आणि त्याचा हात मोठ्या बाटलीकडे गेला. “पित्त आहे. तीन वेळा घ्या.” तो ओतणार तोच गोजरबाईनं लहान बाटलीच्या तोंडावर पंजा ठेवला. गुलाबी औषध तिच्या बोटांवरून टेबलावर सांडलं.

“दानीएल, तुज्या आईच्या बाळंतपणात तुला ह्या हातावर घेतलाय मी. वर बघ.”

त्यानं वर बघितलं. किती थकलेलं तोंड होतं पोराचं! तिला ते दिसलं आणि कीव करायला वेळ नव्हता म्हणून आणखीच राग आला. “पायाला हात लाव तिच्या.” तो उठला, खाली बसला, कृपाच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला. दानीएल खड्ड्याकडे बघत होता. गोजरबाई बघत नव्हती, ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग त्यानं कपाटातून दंडाला पट्टा बांधायचं यंत्र काढलं, त्यावरची धूळ फुंकली, पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, पुन्हा दाबला. बाहेरचा गलबला त्याला आता ऐकू येत नसावा.

“बायांच्या दवाखान्यात न्या. आत्ता. टांग्यानं. घरी नका जाऊ.”

“तिथं वर्गणी?”

“नाही, मावशी. वर्गणी माझ्यापुरती.” तो हात पुसत राहिला. “पैसे पडायचे तेव्हा माणूस मरायला टेकल्यावर माझ्याकडं यायचं. आता सगळे रोज येतात, आणि त्यात टेकलेलं कोणतं तेच मला कळत नाही.” हे तो कुणाला सांगत होता कोण जाणे. तिला? मंडळीला? गोजरबाईनं कृपाला उठवलं.

बायांचा दवाखाना गावाबाहेर, कडुनिंबांच्या मागं. दाराशी पांढऱ्या साडीतली सिस्टर आली, कृपाच्या तोंडाकडे बघितलं आणि चाकाची खुर्ची मागवली. मग म्हणाली, “पैशाची खोली की धर्मार्थ? पैशाच्या खोलीला आधी अनामत भरायची. धर्मार्थ हवी असेल तर घरच्या कर्त्या माणसानं सांगायचं, आम्ही गरीब आहोत, द्यायला काही नाही. ते सांगितलं की झालं.”

साधी गोष्ट होती. सिस्टरच्या आवाजात काही टोचणारं नव्हतं. ती दिवसातून पंचवीसांना हे विचारत असणार. पण गोजरबाईच्या कानाशी एकदम जुनं काहीतरी भणभणलं. दुष्काळात तिच्या बापानं बाप्तिस्मा घेतला होता, आणि तेव्हापासून वेशीतून येता जाता माणसं म्हणायची, भाकरीसाठी बाटले. शाळेत दुसरी इयत्ता, ती पाटी घेऊन चाललेली, आणि मागून तेच. बाप काही बोलायचा नाही. ती मात्र बोलायला शिकली. सगळं आयुष्य ती बोलतच आली, मोठ्यानं, आधी, दुसऱ्यानं तोंड उघडायच्या आत. कुणाचं फुकट घेतलं नाही. शेजारणीकडून चिमूटभर मीठ आणलं तर वाटीभर परत केलं. वर्गणी पहिल्या दिवशी भरली, पहिली, सगळ्यांना दिसेल अशी. आणि जे भरलं ते ओरबाडून ओरबाडून वसूल केलं, कारण वसूल केलं म्हणजे ते दान राहत नाही.

“आत्याबाई, नको,” कृपा खुर्चीतून म्हणाली. तिला काय कळलं होतं कोण जाणे, पण तिनं गोजरबाईचं लुगडं धरलं होतं. “योहानला तार करू. तो पाठवील. दोन दिवस थांबू.”

“तू गप.”

“अहो, पण—”

“गप म्हटलं ना! घरचं कर्तं मानूस मी हाय का तू?” मग ती सिस्टरकडे वळली. “आमी गरीब हाय.”

सिस्टर मागं वळून कुणाला तरी खुर्चीचं सांगत होती. “काय म्हणालात?”

“गरीब हाय म्हटलं! द्याया काय न्हाई! किती येळा म्हनायचं?”

व्हरांड्यात बसलेल्या बायकांनी माना वळवल्या. झाडाखाली टांगेवाला घोड्याला पाणी दाखवत होता, त्यानंही बघितलं. सिस्टरनं नुसती मान हलवली आणि खुर्ची आत घेतली. कृपाचा हात लुगड्यावरून सुटला. आतल्या दारात तिनं मान वळवून काहीतरी म्हटलं, पण दाराला स्प्रिंग होती, ते मिटलं. आतून लोखंडी खाट ओढल्याचा आवाज आला. कुणीतरी पळत गेलं. मग काही नाही.

गोजरबाई बाकावर बसली. शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली, तेही तिला आवडलं नाही. बोललेला शब्द अजून तोंडातच होता, करपलेल्या भाकरीसारखा, ना गिळता येत होता ना थुंकता. तिचे डोळे त्या दाराला लागले होते. कुणीतरी बाहेर यावं, काहीतरी चुकीचं विचारावं, म्हणजे त्याच्यावर तुटून पडता येईल, असं तिला फार फार वाटत होतं. पण कुणी येत नव्हतं.